चेपलेल्या कोपऱ्याचा डबा

मंगळवारी दुपारी फॉल रिव्हरची वीज गेली.
विजेची शेगडी म्हणजे मग काय,
चार काळ्या टिकल्या.
भात नाही, चहा नाही, हीटर मुका,
आणि खिडकीबाहेर कुणीतरी
पिठाची रिकामी पोती झटकतंय झटकतंय, थांबतच नाही.

कपाटात एक चपटा डबा होता.
कोलंबिया स्ट्रीटवरच्या दुकानात स्वस्तात मिळालेला,
एक कोपरा चेपला होता म्हणून.
ऑलिव्ह तेलातला कॉड, लसूण घातलेला.
चार महिने मी त्याच्याकडे काणाडोळा करत होतो.
आमच्या वेंगुर्ल्यात माशाचा डोळा बघतात,
कल्ला उचलून बघतात,
मग कोळणीशी भांडतात, मग घेतात.
याला ना डोळा ना कल्ला.
भांडायचं कुणाशी?

कडीत बोट घालून ओढलं.
पत्रा मागे गुंडाळत गेला
आणि त्या गारठलेल्या खोलीत
पहिल्यांदा कुणीतरी बोललं: लसूण.
पण तेल गोठलेलं,
थंडीतल्या तुपासारखं कणीदार,
आणि त्यात मासा, गाढ झोपलेला.

दार वाजलं.
खालचे मिस्टर मेडेरोस,
पडद्यांच्या गिरणीत एकतीस वर्षं काढलेले,
काखेत पाव, हातात उंच काचेतली मेणबत्ती.
काचेवर संत अंतोनियो.
हा हरवलेलं शोधून देतो, ते म्हणाले.
म्हटलं, मग वीज शोधायला सांगा.
ते हसले नाहीत. डबा बघितला.
डब्यातला? छे.
कॉड कसा, खारवलेला, फळीसारखा कडक,
भिजत घालायचा, पाणी बदलायचं,
दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलायचं, बायकोशी बोलायचं नाही.
(हे शेवटचं का, ते त्यांनी सांगितलं नाही.)
मीही खाऱ्या बांगड्याची बढाई मारली,
निखाऱ्यावर भाजलेला, वरून खोबरेल, सोबत पेज.
पेज हातांनी समजावताना
त्यांना वाटलं मी औषधाबद्दल बोलतोय.

शेवटी संताच्या डोक्यावर डबा ठेवला,
ज्योतीला श्वास घेता येईल एवढी फट सोडून.
कडेनं तेल सुटायला लागलं.
आधी पिवळं, मग सोनेरी,
मग एक बारीकसा बुडबुडा,
लसणाच्या चकतीखालून, लाजत आल्यासारखा.

आणि मासा!
बोट लावलं की पाकळी सुटते,
पांढरी, जाड, ओलसर.
काटा नाही.
बिनकाट्याचा मासा जीभ आधी संशयानं चाखते,
मग थोडी सैल होते,
मग निर्लज्ज.
लसूण तर इतका मऊ की चावायचं कामच नाही,
टाळूला टेकवला की गेला,
मागे नुसता गोडवा ठेवून.
मीठ हवं तेवढंच. मिरची हवी होती, पण
हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

ते पावाला पांव म्हणाले.
मी पाव म्हणालो.
एका अनुस्वाराचं अंतर,
ते आम्ही तेलात बुडवून खाल्लं.
तेल सांडू नकोस, ते दटावत होते,
ज्यांच्या स्वतःच्या हनुवटीवरून
ओघळ स्वेटरपर्यंत पोचला होता.
डब्यातला? मी विचारलं.
छे, ते म्हणाले, आणि पुढचा तुकडा मोडला.

मग काही बोलणं राहिलं नाही.
दोन हात, एक डबा,
संत तेवढा खालून तापत राहिलेला.

सगळं पुसून झालं तेव्हा दिसली
चेपलेल्या कोपऱ्यात अडकलेली
लसणाची एकच चकती.
पाव तिथवर पोचेना. बोट तर नाहीच.
तुम्ही घ्या. नाही, तू घे.
मी काडेपेटीतून काडी काढली,
गुलाचं टोक मोडून टाकलं,
त्यांनी डबा दोन्ही हातांनी तिरपा धरला,
श्वास रोखून, सुईत दोरा ओवताना धरावा तसा.

तेवढ्यात फ्रिज घसा खाकरून सुरू झाला,
डोक्यावरचा दिवा भक्कन पेटला,
खालच्या गल्लीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

आम्ही दोघांनीही वर पाहिलं नाही.